ब्रिटनमध्ये धड बर्फाचे डोंगर नाहीत, मग बीबीसीवरचा 'स्की संडे' इतकी वर्षं कोण बघतं?

तुम्ही विचारलंय की १९७८ पासून चालू असलेला हा स्कीच्या शर्यतींचा कार्यक्रम मुळात बघतं कोण, आणि आयुष्यात बर्फ न पाहिलेल्या आपल्यासारख्या माणसाला त्यात काय कळणार. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो आणि हिवाळ्यातल्या रविवारी हा कार्यक्रम सहसा चुकवत नाही. प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

'स्की संडे' बघणाऱ्यांपैकी अनेकांनी स्की कधी पायात घातलेल्या नसतात. स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म, ग्लेनको अशी ठिकाणं आहेत, पण आल्प्सच्या मानाने ती फारच लहान, आणि तिथला बर्फही भरवशाचा नाही. म्हणजे इथला सर्वसाधारण प्रेक्षक आणि आपण यांच्यात फार फरक नाही. दोघांनाही समोरचा उतार किती भयंकर आहे हे कुणीतरी समजावून द्यावं लागतं. माझ्या मते हा कार्यक्रम टिकला तो या एका कामावर: ज्याने उतार पाहिला नाही त्याला उतार दाखवणं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, कारण टीव्हीचा कॅमेरा उतार गिळून टाकतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे लगेच पटेल. ज्या चढणीवर आपण चार पायांवर आलो, तीच घरी येऊन फोटोत पाहिली की अंगणासारखी सपाट दिसते. स्कीच्या शर्यतीचं तेच होतं. ऑस्ट्रियातल्या किट्झब्युल गावातली 'श्ट्राइफ' ही डाउनहिल, म्हणजे उतारावरून भरधाव खाली येण्याच्या, शर्यतीची सगळ्यांत नावाजलेली वाट घ्या. लांबी ३,३१२ मीटर, सुरुवात १,६६५ मीटर उंचीवर आणि शेवट ८०५ मीटरवर. म्हणजे दोन मिनिटांच्या आत माणूस ८६० मीटर खाली येतो. सुरुवातीनंतर काही सेकंदांतच 'माउसेफाले' येतो. त्याचा अर्थ उंदराचा सापळा. तिथे उतार ८५ टक्के आहे, अंशांत मोजला तर चाळीसच्या आसपास. खेळाडू त्या कडेवरून हवेत जातो, आणि खाली उतरतो तोच पुढचं वळण तयार असतं. साध्या कॅमेऱ्यातून बघितलं तर एक माणूस उडी मारून पुढे गेला, एवढंच दिसतं.

यावर 'स्की संडे'ने काढलेला उपाय मला फार आवडतो. ग्रॅहॅम बेल हा अनेक वर्षं या कार्यक्रमाचा निवेदक होता. तो स्वतः डाउनहिलचा खेळाडू होता, १९८४ ते १९९८ या काळात पाच हिवाळी ऑलिंपिक खेळलेला. तो हातात कॅमेरा घेऊन त्याच वाटेवरून खाली यायचा आणि येता येता बोलत राहायचा. त्या चित्रणात दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे वाट दिसतच नाही. कडेपलीकडे काय आहे ते कडेवर पोहोचेपर्यंत समजत नाही. दुसरी म्हणजे पायाखाली भुसभुशीत बर्फ नसतो. शर्यतीआधी वाटेत पाणी भरून ती गोठवतात, त्यामुळे ती काचेसारखी घट्ट होते. पहिल्या खेळाडूला आणि तिसाव्याला शक्य तितकी सारखी वाट मिळावी हा त्यामागचा हेतू. स्कीच्या कडा त्या बर्फावरून घासत जातात तेव्हा होणारा करकर आवाज आणि मध्येच तुटणारा बेलचा श्वास, या दोहोंतून जे कळतं ते आकड्यांतून कळत नाही. बर्फावर निळ्या रंगाच्या रेघा ओढलेल्या असतात, त्या नीट बघा. ढगाळ उजेडात पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, उंचवटा कुठे आणि खड्डा कुठे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून त्या रेघा. शोभेसाठी त्यांतली एकही नसते.

मी एकदा जानेवारीत स्वित्झर्लंडला वेंगेनची लाउबरहॉर्न शर्यत बघायला गेलो होतो. गावात मोटारगाड्या नाहीत, दात्यांच्या रुळावरून जाणारी छोटी आगगाडी वर नेते. स्टेशनवर उतरून बर्फातून चालत वाटेच्या कडेला उभं राहायचं. समोर आयगर, म्योंश, युंगफ्राउ ही शिखरं. ही जगातली सगळ्यांत लांब डाउनहिल, जवळजवळ साडेचार किलोमीटर आणि अडीच मिनिटांची. एके ठिकाणी ही वाट चक्क रेल्वेच्या पुलाखालून जाते. 'हुंडशोप्फ' नावाची जागा आहे, तिथे खडकाच्या फटीतून खेळाडू खाली झेपावतो. प्रत्यक्ष उभं राहिल्यावर आधी ऐकू येतो तो आवाज, आणि मान वळवेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. तिथल्या सरळ टप्प्यावर २०१३ साली फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. खरं सांगायचं तर वाटेच्या कडेला उभं राहून शर्यत कळत नाही. एकामागून एक माणसं समोरून जातात, कोण पुढे आणि कोण मागे याचा पत्ता लागत नाही. शर्यत कळते ती टीव्हीवर. म्हणून हा खेळ आणि दूरचित्रवाणी यांचं इतकं जमलं.

तर शर्यत बघायची कशी? या खेळात दोन माणसं शेजारी शेजारी धावत नाहीत. प्रत्येक जण एकटा येतो आणि घड्याळाशी झुंजतो. वाटेत ठिकठिकाणी वेळ नोंदवली जाते आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा येतो. हिरवा आला तर तोपर्यंतच्या पहिल्यापेक्षा पुढे, लाल आला तर मागे. डाउनहिलला एकच फेरी असते. स्लॅलमला, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीला, दोन, आणि तिथे एक सुंदर नियम आहे: पहिल्या फेरीतले पहिले तीस जण दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमाने येतात. तिसावा आधी, पहिला शेवटी. त्यामुळे शेवटच्या खेळाडूपर्यंत निकाल लागत नाही. 'स्की संडे' हे सगळं कापून, जोडून, मोजक्या खेळाडूंच्या फेऱ्यांत बसवतो. सगळी शर्यत सलग बघायला बसलं तर नवखा माणूस कंटाळतो, हे त्यांनी सुरुवातीपासून ओळखलं होतं.

सुरुवातीची अनेक वर्षं कार्यक्रमाचा चेहरा होता डेव्हिड व्हाइन. तोच माणूस बीबीसीवर स्नूकरही सादर करायचा. त्याच्या आवाजाइतकीच लोकांच्या लक्षात राहिली ती शीर्षकधून. सॅम फॉन्टेनच्या या धुनेचं नाव 'पॉप लुक्स बाख'. ती वाजली की इथले पन्नाशीतले लोक अजूनही मान डोलावतात. पुढे हेझल अर्विन, एड ली, केमी अल्कॉट अशी माणसं आली, स्नोबोर्डिंग आलं, प्रवासाचे भाग आले. मला शर्यतीचे भागच जास्त आवडतात. प्रवासाच्या भागांत कधी कधी पर्यटनाची जाहिरात बघतोय असं वाटतं.

आता 'कोण बघतं'मधलं 'का'. लोक म्हणतात की ब्रिटिशांना या खेळात फारसं यश नाही, मग एवढा जिव्हाळा कशाला? याचं उत्तर शंभर वर्षं मागे आहे, आणि त्याचा एक धागा भारतात पोहोचतो. हेन्री लन नावाचा एक मेथडिस्ट डॉक्टर मिशनरी म्हणून मद्रासला आला होता. तिथे १८८८ साली त्याला मुलगा झाला, अर्नोल्ड. पुढे हेन्रीने इंग्लंडमध्ये पर्यटनाचा व्यवसाय काढला आणि सुखवस्तू इंग्रजांना हिवाळ्यात आल्प्समध्ये न्यायला सुरुवात केली. तोपर्यंत आल्प्स म्हणजे मुख्यतः उन्हाळ्यातली हवा खाण्याची जागा. स्कीइंगवर वर्चस्व होतं नॉर्वेचं. त्यांच्या लेखी खरा खेळ म्हणजे लांब पल्ल्याची चाल आणि उडी. नुसतं उतारावरून खाली येणं त्यांना खेळच वाटत नव्हता.

या सुट्टीवर आलेल्या इंग्रजांना मात्र खाली येण्यातच मजा होती. १९११ मध्ये लन मंडळींनी स्वित्झर्लंडमध्ये डाउनहिल शर्यत घेतली. तिचा चषक लॉर्ड रॉबर्ट्सच्या नावाचा होता, म्हणजे अफगाण युद्धातल्या कंदाहारच्या लढाईमुळे 'रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' म्हणवला जाणारा तो सेनापती. त्याचाही जन्म कानपूरचा. १९२२ मध्ये अर्नोल्ड लनने म्युरेन गावात खांब रोवून आजच्या पद्धतीची स्लॅलम शर्यत घेतली. शैलीला गुण द्यायचे नाहीत, फक्त घड्याळ बघायचं, हा त्याचा आग्रह. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या हानेस श्नायडरबरोबर त्याने आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली, आणि आजही आल्प्समध्ये कंदाहार नावाच्या शर्यती होतात. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने हे प्रकार मान्य केले. १९३१ ला म्युरेनमध्येच पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि महिलांच्या डाउनहिल आणि स्लॅलम या दोन्ही शर्यती एस्मे मॅकिनन या ब्रिटिश मुलीने जिंकल्या. मद्रासमध्ये जन्मलेल्या माणसाने घालून दिलेल्या नियमांवर आज सगळं ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड वेडं होतं, हे मला फार विलक्षण वाटतं. आपल्याकडे हे माहीत असणारे लोक क्वचितच भेटतात.

त्यानंतर डोंगर ज्यांच्या दारात आहेत ते देश साहजिकच पुढे गेले आणि ब्रिटिश मागे पडले. म्हणूनच इथल्या प्रेक्षकाच्या मनात काही मोजके दिवस कोरलेले आहेत. १३ डिसेंबर १९८१, इटलीतली वाल गार्डेना. मातब्बर खेळाडू येऊन गेले होते, ऑस्ट्रियाचा एर्विन रेश पहिला होता आणि निकाल लागल्यातच जमा होता. अशा वेळी कॉनराड बार्टेल्स्की खाली आला आणि दुसरा ठरला, अवघ्या ०.११ सेकंदाने. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हे अंतर तीन मीटर भरतं. १९८८ मध्ये कॅल्गरी ऑलिंपिकच्या डाउनहिलमध्ये ग्रॅहॅमचा भाऊ मार्टिन बेल आठवा आला, आणि आठव्या क्रमांकाचं इथे आजही कौतुक होतं. ज्यांना जिंकण्याची सवय नसते त्यांचे प्रेक्षक आठवा क्रमांकही नीट बघतात. आणि परदेशी खेळाडूंवरही मनापासून प्रेम करतात, हा मला या कार्यक्रमाचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो. क्रिकेटमध्ये आपल्याला हे जमत नाही.

आणि मग २२ जानेवारी २०२२. डेव्ह रायडिंग हा लँकशरचा खेळाडू. तो स्की शिकला पेंडलच्या कृत्रिम उतारावर. तिथे बर्फ नसतो, ब्रशसारखे प्लॅस्टिकचे दाते असतात, आणि पडलं की सालटं निघतात. आल्प्समधली मुलं चालायला लागल्याबरोबर बर्फावर येतात. त्यांच्याशी हा माणूस वर्षानुवर्षं लढत राहिला. २०१७ ला किट्झब्युलच्या स्लॅलममध्ये तो दुसरा आला होता. २०२२ मध्ये तिथेच पहिल्या फेरीनंतर सहावा होता. दुसऱ्या फेरीत खाली आला, कोपऱ्यातला आकडा हिरवा. मग उरलेले पाच जण वरून एकेक करून यायचे आणि त्याने खाली उभं राहून बघत बसायचं. पाचांपैकी एकालाही त्याची वेळ मोडता आली नाही. अल्पाइन विश्वचषक, म्हणजे हिवाळाभर चालणारी शर्यतींची मालिका, १९६७ ला सुरू झाला, तेव्हापासून ब्रिटनने जिंकलेली ही पहिली शर्यत. रायडिंग तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. वर सांगितलेला उलट्या क्रमाचा नियम ठाऊक असेल तर त्या काही मिनिटांत श्वास रोखला जातो, आणि ठाऊक नसेल तर काहीच कळत नाही. वर्षानुवर्षं रविवारी बसून लोक जे शिकले, ते त्या दिवशी कामाला आलं.

आपल्याकडचंही सांगतो. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे स्लॅलम आणि जायंट स्लॅलम खेळला, जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. त्या बातमीखाली 'पंचेचाळिसावा म्हणजे काय मोठं' अशा प्रतिक्रिया मी वाचल्या होत्या. त्या शर्यतीत वाट पुरी न करताच बाद झालेल्यांची यादी लांबलचक होती. खांब चुकला की संपलं. दोन्ही फेऱ्या पूर्ण करून खाली पोहोचणं हेच तिथे मोठं काम होतं.

तुम्हाला बघायचंच असेल तर डाउनहिलने सुरुवात करू नका. वेग डोळ्यांत भरतो, पण फरक दिसत नाही. आधी स्लॅलम बघा, तीही दुसरी फेरी, आणि ती रायडिंगची असली तर उत्तम. विश्वचषकातल्या शर्यतींची क्षणचित्रं यूट्यूबवर मिळतात. खेळाडूकडे न बघता स्कीच्या कडांकडे बघा: वळणात बर्फाचा फवारा जास्त उडाला तर कड घसरली, वेळ गेला. लागोपाठ चार-पाच खेळाडू असे बघितले की आकडा येण्याआधीच तो हिरवा येणार की लाल, हे तुम्ही सांगू लागाल. मग जानेवारीच्या उत्तरार्धात किट्झब्युलची डाउनहिल बघा. तिथला विक्रम १९९७ पासून ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ श्ट्रोबलच्या नावावर आहे, १ मिनिट ५१.५८ सेकंद, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १०७ किलोमीटर. बेलने कॅमेरा घेऊन केलेली त्या वाटेची चित्रफीत मिळाली तर शर्यतीच्या आधी ती बघा, नंतर नको.