कोन फिल्टर घेण्याआधी बॉनेट उघडून नळीचं तोंड बघ

भावा, २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, वॉरंटी संपलेली, बेळगाव-निपाणी रोजचं जाणं-येणं, आणि पहिलंच मॉडिफिकेशन म्हणून कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा फिल्टर आणि पाइप) घालू का, असं विचारलंयस. आत्ता नको. हेच खूळ माझ्याही डोक्यात होतं आणि पैसे घालून बसलोय, म्हणून सांगतो.

'कोल्ड एअर' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं म्हणजे कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून बसवलेला उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर. तो ओढतो बॉनेटखालचीच हवा, इंजिन आणि रेडिएटरनं तापवलेली. मी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर इनटेकचं तापमान बघायचो. एप्रिलची दुपार, कोगनोळी टोलची रांग. बाहेर पस्तीसेक अंश असतील, आणि आकडा चढत चढत ६० वर. ३५ ची हवा ६० वर गेली की घनता साधारण साडेसात टक्क्यांनी उतरते. हवा कमी, तर इंजिन पेट्रोलही तेवढंच कमी जाळणार. वर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) नको म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्कही उशिरा देतो. गाडी पळायला लागली की आकडा उतरतो, हे खरं. पण मग मिळालं काय? आवाज. खोटं कशाला बोलू, आवाज मला फार आवडायचा, आणि आवाज वाढला की गाडीही जोरात पळतेय असंच वाटतं.

बेळगाव आहे समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. टर्बो नसलेलं इंजिन इथं गोव्यापेक्षा सात-आठ टक्के तरी कमी ताकद देतं. चोर्ला घाट उतरून खाली गोव्यात गेलं की गाडी मोकळी पळते म्हणतात, ते उगाच नाही. ही तूट कुठलाच कोन भरून काढत नाही. तुझ्या ८३ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) इंजिनात दोन-तीन वाढले तरी पुष्कळ. वंटमुरी घाट चढताना एसी बंद केलास तर त्याहून जास्त फरक पडेल.

माझं खरं नुकसान केलं ते धुळीनं. जांबोटीकडं शेत आहे, शेवटचा रस्ता लाल मातीचा. पाच-सहा महिन्यांनी क्लॅम्प सोडवून फिल्टरपासून इंजिनाकडं जाणाऱ्या पाइपात पांढरा फडका फिरवला, तर फडक्यावर विटकरी पट्टा. बारीक माती फिल्टरमधून नाहीतर रबराच्या कडेनं थेट थ्रॉटल बॉडीकडं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडं) जात होती. हीच पुढं पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासते. त्याच संध्याकाळी जुना डबा परत चढवला. (माळ्यावर ठेवला होता म्हणून बरं. कंपनीचा काढलेला भाग भंगारात कधी देऊ नकोस.)

लांब पाइपवाला इनटेक तोंड बंपरमागं खाली नेतो. हवा तिथं थंड मिळते, कबूल. पण जुलैत खानापूरकडं रस्त्यावर पाणी किती साचतं ते तुला सांगायला नको. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

तर आधी बॉनेट उघड आणि डब्याला हवा नेणाऱ्या नळीचं तोंड शोध. बऱ्याच गाड्यांत ते पुढं ग्रिलच्या वरच्या पट्टीपाशी असतं, म्हणजे थंड हवेची सोय कंपनीनंच केलेली आहे. मग डबा उघडून कागदी फिल्टर बाहेर काढ आणि उजेडात धर. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीमागून धूळ खात रोज जातोस, मॅन्युअलमधल्या अंतराची वाट बघू नकोस. काळवंडला असेल तर सरळ नवा घाल, काही शे रुपयांचं काम. हवा मारायचीच झाली तर स्वच्छ बाजूनं मार, उलट मारलीस तर धूळ कागदात रुतते. स्पार्क प्लगही काढून बघ. उरलेले पैसे टायरला घाल.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील, तर त्याच डब्यात बसणारा धुता येणारा पॅनल फिल्टर घे. धुतल्यावर त्याला लावायचं तेल मात्र बेतानं लाव. जादा झालं तर ज्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असतो तिथं त्याच्या तारेवर चिकटतं आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं, बिघडतं. कोनच हवा असेल तर बंद डब्यातला बघ, आणि त्याचं तोंड चाकाच्या कमानीच्या वर राहील असा.