शेवटचे कोणी पाहिले?

हरवलेल्या मुलाच्या खुनाचा खटला आरोपीच्या बाजूने हाती घेताना आधी तक्रारीच्या नोंदीची तारीख पाहा. बचपन बचाओ आंदोलन या बालहक्क संस्थेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा तक्रारींवर गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिलेले असल्याने विलंबाचा जाब पोलिसांना विचारता येतो. खरा कस ‘शेवटचे एकत्र पाहिले’ या पुराव्याचा लागतो. मूल आरोपीसोबत दिसल्याची वेळ आणि मृतदेह सापडल्याची वेळ यांत मोठे अंतर असेल, तर तिसऱ्या व्यक्तीची शक्यता उरते, आणि शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालाला परिस्थितीजन्य (प्रत्यक्षदर्शी नसताना परिस्थितीवरून उभ्या राहणाऱ्या) पुराव्याची अखंड साखळी अपेक्षित आहे. साक्षीदार पोलिसांकडे किती दिवसांनी बोलला, हे मी नेहमी तपासतो. बालसाक्षीदाराला केवळ वयामुळे नाकारू नका, मात्र त्याला कोणी पढवले आहे का, ते पारखा. आईवडिलांची उलटतपासणी कृपया हळुवारपणे घ्या.