पर्यावरणाच्या विषयांतून जपानी भाषा कशी शिकवावी आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन कसे करावे?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेतील एन-४, म्हणजे खालून दुसऱ्या, पातळीपासून हे चांगले जमते, मात्र सुरुवात हवामानबदलासारख्या अवजड विषयाने न करता कचरा आणि पाणी यांपासून करावी. जळणारा कचरा, म्हणजे ‘मोएरु गोमी’, कोणत्या वारी बाहेर ठेवायचा याची वेळापत्रके जपानमधील नगरपालिका काढतात; तसे एखादे वर्गात वाचायला दिले की वार, क्रियापदांची रूपे आणि सूचनांची भाषा एकाच कागदावर भेटते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे ‘आमे गा फुरानाकात्तारा’, म्हणजे पाऊस पडला नाही तर, एवढी सुरुवात दिली की पुढचे वाक्य ती स्वतःच जुळवतात, अर्थातच टँकरसह.

मूल्यमापनात जेएलपीटीची नक्कल करू नये, कारण त्या परीक्षेत बोलणे आणि लेखन तपासलेच जात नाही. आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याविषयी दोन मिनिटे बोलायला सांगावे आणि मग एक अनपेक्षित प्रश्न विचारावा. पाठांतर तिथेच उघडे पडते. गुण मात्र भाषेलाच द्यावेत, पर्यावरणाच्या माहितीला नव्हे, आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवावे.