नवा अल्बम आलाय. दीड तासाच्या शोमध्ये नवी गाणी किती घ्यावीत आणि लोकांची आवडती जुनी किती?

१६ गाण्यांचा सेट असेल तर नवी ४, फार झालं तर ५. पण आकड्यापेक्षा ती कुठे बसवता याने जास्त फरक पडतो. हे मी एका शोची माती झालेली बघून शिकलोय.

मी ड्रमर. आमचा दुसरा अल्बम आला त्याच आठवड्यात शो होता. गायकाचा हट्ट, तिसऱ्या गाण्यापासून सलग ५ नवी. म्हटलं, अरे, लोकांनी अजून ती धड दोनदा ऐकलेली नाहीत. तर म्हणे, "आपण काय ज्यूकबॉक्स आहोत?"

गायकाच्या डोळ्यांवर लाइट असतो, पब्लिक दिसतं ड्रमरला. पहिलं नवं गाणं लोकांनी कौतुकाने ऐकलं. दुसऱ्याला माना डोलायच्या थांबल्या. तिसऱ्याच्या आधी गिटारिस्ट तारांचं ट्यूनिंग उतरवत बसला, तेवढ्यात आमच्या साहेबांनी गाणं कसं सुचलं ते सविस्तर सांगितलं. चौथ्याला मागच्या लोकांच्या गप्पा मला सिंबल्सच्या आवाजातही ऐकू येत होत्या. कुणीतरी जुन्या गाण्याचं नाव ओरडलं. हा माइकवर म्हणतो, "तेवढंच ऐकायला आलात का?" हो, आले होते! शेवटी ते घेतलं, तेही एक कडवं गाळून.

पुढच्या शोला मी भांडून नवी गाणी विखरून ठेवली. आपटलेलं चौथं गाणं एका जुन्याला जोडलं; ट्यूनिंग तेच, मध्ये बोलणं नाही, चार काउंट आणि सुरू. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. गायकाच्या मते त्या दिवशी पब्लिक चांगलं होतं.

तो नेहमी लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा दाखला द्यायचा. मार्च १९७१ मध्ये बेलफास्टला त्यांनी पुढे जगभर गाजलेलं 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्यांदा वाजवलं, अल्बम यायच्या आठ महिने आधी, आणि लोक कंटाळले होते असं त्यांच्याच बेसिस्टने नंतर सांगितलंय. बरोबर आहे. पण त्याच रात्री त्यांनी जुनी गाणीही वाजवली होती, हे तो सोयीस्करपणे विसरायचा.

बाकी, प्रत्येक शोला तीच पन्नास माणसं येत असतील तर माझं ऐकू नका, त्यांना नवीनच हवं असतं. आणि जुन्या गाण्यात वरच्या पट्टीचं काम असेल तर ते शेवटावर ढकलू नका, तोवर गळा बसलेला असतो.

आणि हो, लोकांनी ओरडून मागितलेलं ते जुनं गाणं माझं होतं. शब्द, चाल, सगळं. त्या हिशेबाने माझा सल्ला घ्या. पण कडवं गाळायला नको होतं त्याने.