गाडी बोलावण्याआधी

तुझा मेसेज रात्री साडेअकराला पाहिला. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखाली, दोन गोण्या उशाशी घेऊन झोपलेली बाई, आणि तुझा प्रश्न : "ताई, यांना न्यायला कुठला नंबर लावायचा?" उत्तर मुद्दाम सकाळवर ढकललं. नंबर देणार आहेच, पण आधी माझी एक फजिती ऐक.

बरीच वर्षं झाली. वाशीला एपीएमसीच्या भाजी मार्केटच्या कडेला एक म्हातारबाबा झोपायचे. पावसाळा तोंडावर आला होता. मी ओळखीची दोन पोरं सोबत घेतली, रिक्षा केली आणि बाबांना थोडं समजावून, थोडं दामटून एका निवाऱ्यात नेऊन पोचवलं. खाट मिळाली, ताट मिळालं, मी खुशीत घरी. चौथ्या दिवशी बाबा परत मार्केटला, पण पत्र्याखालच्या त्यांच्या कोपऱ्यात नाही, बाहेर उघड्यावर. कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाची पथारी पडली होती. पहाटे भाजीच्या गाड्या लागल्या की सांडलेला माल निवडून द्यायचा, हे बाबांचं काम. निवाऱ्यातून पहाटे तीनला तिथं पोचायचं कसं? त्या तीन दिवसांत काम सुटलं आणि कोरडी जागाही गेली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं तोंड फिरवलं.

तेव्हापासून मी पहिल्यांदा एकच विचारते : इथून हललात तर तुमचं काय जाईल?

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कोणाची सकाळची नाक्यावरची मजुरी. कोणाचं कुत्रं. कोणाचं पोतंभर भंगार, ज्याचे उद्या पैसे होणार असतात. कोणाचा नवरा, कारण प्रत्येक निवाऱ्यात जोडप्याला एकत्र राहता येत नाही. बेघर म्हणजे रिकामटेकडा, ही समजूत आधी डोक्यातून काढ. लग्नाच्या हॉलमध्ये आपल्याला वाढणाऱ्यांपैकी काही जण रात्री पुलाखाली झोपतात.

आणि भीती. 1959 चा भीक मागायला बंदी घालणारा कायदा आपल्या राज्यात अजून आहे, त्याखाली माणसाला धरून नेता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, ती दिल्लीपुरती. इकडे गाडी थांबली आणि चार माणसं उतरली की पुलाखालचे लोक आधी पळतात, मग विचार करतात. म्हणून गाडी शेवटी. आधी तू एकटा जा, रोज एकाच वेळेला. फोटो काढू नकोस.

आता नंबर, भराभर सांगते. मूल एकटं दिसलं तर 1098. मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नकोस, मन कितीही ओढलं तरी. त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. घर सोडून स्टेशनवर आलेल्या मुलांसाठी ठाण्यातली समतोल ही संस्था काम करते, त्यांच्याशी ओळख करून ठेव. टाकून दिलेली वृद्ध व्यक्ती असेल तर 14567, पण हा सकाळी आठ ते रात्री आठ चालतो, तुझ्या साडेअकराला नाही. बाईला मारहाणीचा धोका असेल तर 181. जखम, ताप, शुद्ध हरपलेली असेल तर 108, बाकी काही नाही.

मन थाऱ्यावर नसलेला माणूस भेटला तर मात्र घाई करू नकोस आणि ढिलाईही नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 पाठ कर. अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देणं हे पोलिसांचं काम आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं, हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. चौकीत "आमचं काम नाही" असं ऐकू आलं तर आवाज न चढवता कलमाचा आकडा सांग. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आपल्या गावात आहे, आणि रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारी श्रद्धा ही संस्था कर्जतला. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

निवाऱ्याचं थोडं सविस्तर. एक लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा, असा दंडक आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर 18 लाखांच्या वर आणि नवी मुंबई 11 लाखांच्या वर होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने अठरा आणि अकरा निवारे हवेत. तेवढे नाहीत. त्यामुळे मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नकोस. दोन्ही महापालिकांच्या समाजविकास विभागात स्वतः जा, आज कुठे किती खाटा रिकाम्या आहेत, बायका घेतात का, विचार, आणि पाठवण्याआधी निवाऱ्याच्या काळजीवाहकाला फोन कर. दारातून परत आलेला माणूस पुन्हा येत नाही.

खाटेपेक्षा मोठी वस्तू निवाऱ्यात मिळते ती म्हणजे कागद. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा फोटोसहित दाखला आधार काढायला चालतो. आधार झालं की बँकेचं खातं, मग रेशनच्या खटपटी. एखादी विधवा किंवा अपंग निराधार असेल तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. 2023 मध्ये अनुदानाची रक्कम महिना 1500 रुपये झाली, अपंगांसाठी 2025 मध्ये 2500. पण तिथं 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा मागतात, आणि ज्याची पंधरा वर्षं फुटपाथवर गेली त्याने तो आणायचा कुठून? इथं चपला झिजतील, तयारी ठेव. अडलं तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, फोन 15100.

मला सगळ्यात आवडणारा नियम निवडणूक आयोगाचा आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा 6 नंबरचा अर्ज भरला की पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओने, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याने, रात्री त्या जागी जाऊन बघायचं, तेही एकापेक्षा जास्त रात्री, की हा माणूस खरंच इथं झोपतो का. झोपतो तो पत्ता. (बीएलओला रात्री तिथवर नेण्याचं काम तुझं, हे लक्षात ठेव.)

तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा तू पाहिलीच असशील. 2016 मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेसोबत ती सुरू केली, तेव्हा पुलाखालच्या कुटुंबांना कोणी उठवलं नाही, शाळाच तिथं आली. माझ्या रिक्षाच्या फजितीनंतर मला ती शाळा बघून थोडी लाज वाटली होती.

तर आज रात्री साडेनऊला सॅटिसखाली जा. दोन कटिंग चहा घे. नाव सांग, नाव विचार, सांगितलं नाही तर राहू दे. गोण्यांत काय आहे ते विचारू नकोस, त्या रात्रभर नीट राहतील अशी जागा त्यांना कुठली वाटते ते विचार. मग मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी,
ताई