पेटी रिकामी, मग देह कुठे?

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. बर्फर्ड गावी चर्चच्या आवारात दगडी पेट्यांसारखी थडगी आहेत. एकीची फरशी निखळलेली, आत डोकावलो तर पोकळ! देह चोरीला गेला की काय?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : काका, देह जागच्या जागी आहे, जमिनीखाली. पेटी म्हणजे नुसती खूण, आपल्या समाधीच्या चौथऱ्यासारखी. मीही असाच डोकावलो होतो. आत वाळका पाला आणि कोळ्याचं जाळं.

काही पेट्यांच्या माथ्यावर खाचा पाडलेला अर्धगोल दगड असतो, तो पाहिलात? तो लोकरीचा गठ्ठा, असं तिथे सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण गाव लोकरीवरच गबर झालं. १६७८ च्या कायद्याने तर मढ्यालाही लोकरीचंच कफन सक्तीचं केलं, धंदा चालावा म्हणून! १८१४ मध्ये तो रद्द झाला.

अक्षरं पुसट, कारण दगड चुनखडीचा. काळारामाच्या काळ्या पाषाणासारखा तो पावसाला पुरून उरत नाही. वाचायचीच तर तिरप्या उन्हात वाचा. आणि वरची पिवळी-करडी नक्षी खरवडू नका. गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचीच ती भावंडं.