सगळे सोलो गेले, मलाच का सोडत नाहीत?

खासगी वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकायला मिळते. बरोबरीची मुले एकट्याने विमान घेऊन वर गेली, मला मात्र प्रशिक्षक अजून सोडत नाहीत. माझे वय झाले, की माझ्यात मुळातच काही कमी आहे? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांविषयी येथे लिहीत आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, घर कोथरूडला, भोसरीत स्वतःचे मशीन शॉप. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. तेव्हा पुण्यातल्या हौशी विद्यार्थ्याला साधारणपणे बारामती गाठावी लागते, आणि हेही दर रविवारी अंधारातच दिवेघाट चढून सासवड-मोरगावमार्गे तेथे जात. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेने छोटे विमान हेलकावे खाऊ लागते, त्यामुळे शिकाऊ विद्यार्थ्याला सकाळचेच तास बरे पडतात. त्यातच एखाद्या रविवारी आडवा वारा असे, एखाद्या रविवारी विमान दुरुस्तीला गेलेले असे, आणि मग दोन उड्डाणांमध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड पडे. तेथेच राहून रोज उडणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांशी स्वतःची तुलना करताना हा खंड ते हिशेबातच धरत नव्हते.

आल्या आल्या त्यांनी विचारले, “मॅडम, तुमच्याकडे आल्याची नोंद माझ्या मेडिकलला आडवी येईल का?” ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यापायी अनेक जण मदत घेणेच टाळतात. पीपीएलसाठी दुसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि त्या तपासणीत पूर्वीचे आजार व चालू औषधे विचारली जातात. शिकण्यातल्या ताणाविषयी कोणाशी बोलणे हा आजार नव्हे, मात्र अर्जात जे विचारले असेल त्याचे उत्तर खरेच द्यायचे, असे मी त्यांना सांगितले. बोलता बोलता कळले, की झोपेची गोळी घ्यावी असे त्यांच्या मनात होते. विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही आणि घेतलीच तर उडायचे नाही, एवढ्यापुरती मी माझी नेहमीची मवाळ भाषा बाजूला ठेवली.

पुढच्या भेटीला पत्नीही आल्या. “शनिवारी रात्री ह्यांचा डोळाच लागत नाही. गजर व्हायच्या आधी हे अंघोळ करून तयार,” त्या म्हणाल्या. “ही उगाच काळजी करते,” असे म्हणत त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कारखान्यातल्या नोंदवहीसारखेच रकाने आखलेले होते: तारीख, वारा, लँडिंगची संख्या आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘वाईट’, ‘वाईट’, ‘बाउन्स’ (म्हणजे विमान टेकून पुन्हा उसळले), ‘वाईट’.

वाईट म्हणजे नेमके काय झाले, हे त्यांना सांगता येईना. म्हणून मी त्यांना शेवटचे लँडिंग डोळे मिटून, सावकाश, जे दिसले तेवढेच सांगायला लावले. धावपट्टीवर आल्यावर विमानाचे नाक हळूहळू उचलायचे, ज्याला हे लोक फ्लेअर म्हणतात, त्या वेळी नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची असते, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. हे त्यांना तोंडपाठ होते. पण वर्णन त्या क्षणापर्यंत आले आणि ते थांबले. “मी तेव्हा उजवीकडे बघतो,” ते म्हणाले. उजव्या आसनावर प्रशिक्षक बसतात. त्यांचा हात कंट्रोलकडे सरकतो आहे का, हे ते पाहत होते.

प्रशिक्षक सत्ताविशीचे होते. हवेत ते ह्यांना ‘सर’ म्हणत आणि त्याच वाक्यात चूक दाखवत. बाकीची मुले ‘काका’ म्हणत. ज्या माणसाच्या हातून दोन दशकांत कोणी काम काढून घेतले नव्हते, त्याला तो सरकणारा हात जमिनीपेक्षा जास्त भीतिदायक वाटत होता. गो-अराउंडचेही तसेच. उतरणे जमत नसेल तर शक्ती वाढवून पुन्हा वर जाणे ही वैमानिकाची रोजची, शहाणपणाची कृती आहे. ह्यांना मात्र ती सर्वांसमोर झालेली फजिती वाटे, म्हणून ते बिघडलेले लँडिंगही रेटून नेत. माझ्या मते प्रशिक्षक त्यांना सोडत नव्हते ते यामुळेच, आणि ते योग्यच करत होते. सोलो हा तास भरले की मिळणारा हक्क नाही. परवान्यासाठी किमान ४० तास आणि त्यांपैकी २० एकट्याचे, असा नियम आहे. पण पहिल्यांदा एकटे कधी पाठवायचे, हा निर्णय प्रशिक्षकाचा असतो.

उड्डाण शिकवणे हे माझे काम नव्हे. मी एवढेच सुचवले, की हे सारे त्यांनी प्रशिक्षकांना जमिनीवर, चहा घेताना सांगावे. विमान हाती घेताना “आय हॅव कंट्रोल” असे मोठ्याने म्हणायची पद्धत आहेच. ती पाळली जाईल आणि त्याआधी हात हलणार नाही, असे दोघांत ठरले. वहीतला शेऱ्याचा रकाना आम्ही खोडला आणि त्या जागी ‘नजर कुठे होती’ असे लिहिले. शिवाय पत्नीच्या सूचनेवरून ते शनिवारी संध्याकाळीच बारामतीला मुक्कामाला जाऊ लागले, आणि झोपेचा प्रश्न माझ्यापेक्षा त्या मुक्कामाने जास्त सोडवला.

पावसाळ्यानंतर ते सोलो गेले. पहिल्या अप्रोचला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना, विमान फार वर राहिले, तेव्हा त्यांनी गो-अराउंड केले आणि दुसऱ्या वेळी उतरले. परवाना अजून हाती आलेला नाही. १५० नॉटिकल मैलांचे, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचे क्रॉस-कंट्री, अर्थात दुसऱ्या गावापर्यंतचे लांब पल्ल्याचे उड्डाण बाकी आहे. मार्चअखेरच्या ऑर्डरींमुळे मध्ये खंड पडला, तेव्हा पुन्हा एकटे सोडण्याआधी प्रशिक्षकांनी शेजारी बसून त्यांची दोन लँडिंग तपासली. हे त्यांनी मला फोनवर क्रॉस-कंट्रीच्या नकाशाविषयी बोलता बोलता सांगितले, आणि लगेच पुन्हा नकाशाकडे वळले.